उसाची नोंद होते, मग या लेकराची का नको?



या पानावर आम्ही लागणीची तारीख, बेणे बदल, खोडव्यातील पाचट, हुमणीचा बंदोबस्त असल्या विषयांवर चार शब्द लिहीत असतो. आमचा विषय तोच आणि आमचे शिक्षणही तेवढेच. शेतकी पदविका घेऊन नोकरीला लागलो आणि गेली वीस-बावीस वर्षे तुमच्या बांधावरून फिरतो आहोत. तेव्हा आज शाळेविषयी, तेही विशेष शाळेविषयी लिहायला बसलो म्हणजे काही सभासद म्हणतील, "साहेबांनी ऊस सोडून हे काय काढलं?" पण ऊस नोंदीला घरोघरी जाणारा माणूस उसाखेरीज पुष्कळ काही पाहतो. पाहिलेले सांगितले नाही तर तो दोष आमच्याकडे येतो. या प्रकरणात थोडा दोष आमच्याकडे आहेच, तो पुढे सांगतो.

आमच्या गटातील एका वाडीवर एक सभासद आहेत. नाव-गाव छापत नाही. पण हा मजकूर त्यांना वाचून दाखवला आहे आणि त्यांची हरकत नाही. साडेतीन एकर ऊस, चार म्हशी, घरात म्हातारी आई, पत्नी, एक मुलगी आणि तिच्या पाठचा मुलगा. मुलगा तीन वर्षांचा असताना आम्ही नोंदीला गेलो होतो. पोर अंगणात डब्याचे झाकण फिरवत बसले होते. झाकण थांबले की पुन्हा फिरवायचे. आम्ही नावाने हाक मारली, त्याने वर पाहिले नाही. आजी म्हणाल्या, "साहेब, तुम्ही शिकलेली माणसं. पोरगं अजून बोलंना झालंय. ऐकू तर सगळं येतंय. काय करावं?"

आम्ही काय सांगितले? चहाची बशी खाली ठेवली आणि सांगितले, "आजी, काळजी करू नका. आमचा भाचाही चार वर्षांचा होईपर्यंत बोलत नव्हता. आता गप्प बसवावा लागतो." आजींना बरे वाटले, आम्हालाही बरे वाटले आणि आम्ही पुढच्या वस्तीवर गेलो. उसावर तांबेरा दिसला असता तर असे सांगून निघून गेलो असतो का? पान तोडून घेतले असते, माहीतगाराला दाखवले असते. लेकराच्या बाबतीत मात्र न मागता शहाणपण देऊन मोकळे झालो. त्या शहाणपणापायी त्या घराची तीन वर्षे गेली. हा आमचा दोष.

मूल सहा वर्षांचे झाले त्या पावसाळ्यात ते हरवले. दुपारची वेळ, आई वैरणीला गेलेली, आजींचा जरा डोळा लागला. आडसाली ऊस दोन पुरुष उंच, त्यात पोर शिरले. सारी वाडी गोळा झाली. शंभर माणसे नावाने हाका मारत उसात फिरत होती आणि ज्याला हाक मारायची ते मूल नावाला ओ देत नव्हते. चार तासांनी सापडले. विहिरीच्या मोटारीजवळ, पेटीला कान लावून, घरघर ऐकत बसले होते. विहिरीला कठडा नाही. त्या दिवसापासून घरच्यांनी त्याला खोलीत ठेवून बाहेरून कडी लावायला सुरुवात केली. पुढच्या नोंदीला गेलो तेव्हा ती कडी पाहिली. दादा आमच्या नजरेला नजर देईनात. वहिनी एवढेच म्हणाल्या, "साहेब, बांधून ठेवण्यापरीस हे बरं न्हाई का?"

आम्हाला उत्तर सुचले नाही. ते शोधायला पुढे दीड वर्ष लागले. त्यात जे कळले ते तुमच्यापुढे ठेवतो, कारण आपल्या कार्यक्षेत्रात हे एकच घर असेल असे आम्हाला वाटत नाही.

हा आजार नव्हे, आणि कुणाचे पापही नव्हे

या अवस्थेला ऑटिझम म्हणतात, मराठीत स्वमग्नता. १९४३ साली लिओ कॅनर या अमेरिकेतील बालमनोविकारतज्ज्ञाने ११ मुलांचे निरीक्षण लिहून प्रसिद्ध केले, तेव्हापासून हे नाव रूढ झाले. मेंदूची घडणच जन्मापासून थोडी वेगळी असते. मूल नावाला वळून पाहत नाही, हवी ती वस्तू बोटाने दाखवत नाही, बोलणे उशिरा येते किंवा आलेले शब्द दीड-दोन वर्षांनंतर जातात. तीच ती हालचाल, तोच तो खेळ. कुकरची शिट्टी, लग्नातला बँड असह्य होतो. उलट मोटारीची घरघर तासन् तास ऐकावीशी वाटते. सगळ्या मुलांत सगळे सारखे नसते. काही मुले भरभर बोलतात, गणितात हुशार असतात, पण चार मुलांत मिसळणे जमत नाही. काहींना जन्मभर आधार लागतो.

वाडीवर याची कारणे पुष्कळ सांगितली गेली. कुणी म्हणाले ग्रहण, कुणी म्हणाले देवाचे राहिले आहे, आणि निम्म्यांनी तरी आईलाच बोल लावला. शिकलेल्या जगाने तरी वेगळे काय केले? आईच्या थंड स्वभावामुळे मूल असे होते, असे पाश्चात्त्य देशांतील मोठमोठे तज्ज्ञ १९५०-६० च्या सुमारास सांगत होते. ते साफ चूक ठरले. लसीमुळे होते असे सांगणारा एक लेख १९९८ साली इंग्लंडातील नामांकित वैद्यकीय नियतकालिकात आला. तो खोटा ठरून २०१० साली त्या नियतकालिकाने मागे घेतला. तेव्हा आईला बोल लावणे आधी बंद करा, आणि पोराची लस चुकवू नका.

बरे करून देतो म्हणणाऱ्यांपासूनही जपून राहावे. मूलपेशींची, म्हणजे स्टेमसेलची, इंजेक्शने देऊन ऑटिझम घालवतो म्हणत मोठाल्या रकमा सांगणारे शहरात भेटतात. ऑटिझमवर या उपचाराची शिफारस करता येत नाही, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मंडळाने २०२२ साली स्पष्ट केले आहे. आमच्या या दादांनी त्यासाठी अर्धा एकर विकायची तयारी केली होती. ऊस एक वेळ पुन्हा लावता येतो, विकलेले रान परत येत नाही.

ऑटिझमला गोळी नाही. जे आहे ते शिक्षण आहे, आणि ते लवकर सुरू झाले तर फळ अधिक. म्हणून शाळेतली जागा ही या मुलांच्या बाबतीत चैनीची गोष्ट नाही, तोच उपचार आहे.

तीन दारे आणि तिन्ही बंद

पहिले दार गावच्या शाळेचे. तिथे सांगण्यात आले, "नाव घालून घेतो, पण मूल पाठवू नका. हजेरीचं आम्ही बघू." म्हणजे कागदावर पोर शाळेत आणि प्रत्यक्षात कडीच्या आत. आम्ही गुरुजींना फार दोष देत नाही. एका खोलीत दोन इयत्ता, शिकवणारा एक, आणि या मुलाला कसे शिकवायचे हे त्यांना कुणी शिकवलेले नाही. पण हजेरी मांडून मूल घरी ठेवणे हा उपाय नव्हे.

दुसरे दार विशेष शाळेचे. आपल्या राज्यात अनुदानित विशेष शाळांची विभागणी मुख्यतः अंध, मूकबधिर, अस्थिव्यंग आणि मतिमंद अशी होत आली. स्वमग्न मूल या चारांत नेमके कुठे बसवायचे? एका ठिकाणी म्हणाले, "हा मतिमंद नाही, आमच्याकडे कसा घ्यायचा?" दुसऱ्या ठिकाणी म्हणाले, "मंजूर जागा भरल्या आहेत." तिसरे दार मोठ्या शहरातल्या खासगी केंद्राचे. तिथे शिकवणे उत्तम, पण महिन्याची फी ऐकून दादांनी मनात दुधाच्या दहा-दहा दिवसांच्या बिलांची बेरीज केली आणि जिना उतरून खाली आले.

गाव म्हणते विशेष शाळेत न्या, विशेष शाळा म्हणते जागा नाही, शहर म्हणते पैसे आणा. बांधावरचा ऊस जसा दोन्ही गटांच्या यादीतून राहून जातो आणि शेवटी वाळतो, तशी या मुलाची गत झाली. यातून जे शिकलो ते असे की तोंडी विचारणे बंद करायचे आणि लेखी मागायचे.

कायदा काय सांगतो

१९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात ऑटिझमचे नाव नव्हते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ते आले. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात २१ प्रकारची दिव्यांगता मानली आहे आणि त्यात ऑटिझम स्पष्ट लिहिलेला आहे. या अधिनियमाचे कलम ३१ प्रत्येक सभासदाने लक्षात ठेवावे. ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगता असलेल्या ६ ते १८ वर्षे वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, असे ते कलम म्हणते. दोन्ही वाटा खुल्या आहेत आणि निवड मुलाच्या बाजूने आहे. ही कुणाची मेहेरबानी नाही, वशिल्याची गोष्ट तर नाहीच नाही.

पण हक्क बजावायचा तर कागद लागतो, आणि पहिला कागद प्रमाणपत्राचा. ऑटिझमच्या तपासणीसाठी आपल्या देशात ४० मुद्द्यांची एक श्रेणी वापरतात. प्रत्येक मुद्द्याला १ ते ५ गुण. बेरीज ७० च्या खाली असेल तर ऑटिझम धरत नाहीत, ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम, त्यावर तीव्र. आमच्या या मुलाचा ऑटिझम मध्यम निघाला. जिल्हा रुग्णालयात चार हेलपाटे झाले. एकदा तज्ज्ञ रजेवर, एकदा आधार कार्ड विसरले. पण प्रमाणपत्र आणि त्यासोबतचे दिव्यांग ओळखपत्र हाती आले. हे ओळखपत्र देशभर चालते.

मग अर्ज केले. पांढऱ्या कागदावर, दोन प्रतींत, प्रमाणपत्राची नक्कल जोडून, कलम ३१ चा उल्लेख करून, "जागा नसल्यास तसे लेखी कळवावे" अशी शेवटची ओळ घालून. एक प्रत विशेष शाळेला, एक गटशिक्षणाधिकाऱ्यांना, एक जिल्ह्यात दिव्यांग कल्याणाचे काम पाहणाऱ्या कार्यालयाला. प्रत्येक ठिकाणी शिक्क्याची पोहोच घेतली. तोंडी "नाही" म्हणणे सोपे असते, लेखी "नाही" देताना हात जरा थांबतो, हे ज्याने ऊसबिलासाठी गट कार्यालयाकडे अर्ज दिला आहे त्याला सांगायला नको.

गट साधन केंद्रातून एक विशेष शिक्षिका घरी आल्या. दोन तास बसल्या. त्यांनी पोराला हाक मारली नाही, की धरले नाही. झाकण फिरवत त्याच्या शेजारी बसून राहिल्या. तासाभराने पोराने आपले झाकण त्यांच्यापुढे सरकवले. वहिनींच्या डोळ्याला पाणी आले. बाईंनी लिहून दिले की दोन वर्षे विशेष शाळा, नंतर गावच्या शाळेत घालण्याचा प्रयत्न. त्या अहवालाचा फार उपयोग झाला. नाव प्रतीक्षा यादीत लागले आणि जूनमध्ये जागा मिळाली, कारण शाळेतला एक मुलगा १८ वर्षांचा होऊन बाहेर पडला.

बाहेर पडलेला तो मुलगा कुठे गेला, हे विचारायला आम्ही विसरलो नाही. तो घरी बसला आहे. आपल्यामागे या मुलांचे काय, हा आईबापांचा खरा घोर आहे. १८ वर्षांनंतरच्या पालकत्वाची तरतूद राष्ट्रीय न्यास कायद्यात आहे. पण पालकत्वाचा कागद म्हणजे काम नव्हे आणि सोबतही नव्हे. तो विषय पुन्हा कधीतरी लिहू.

एका वर्षात काय झाले

शाळा आमच्या वाडीपासून अडतीस किलोमीटरवर आहे. मोठी इमारत नाही. आम्ही तिथे अर्धा दिवस बसून पाहिले. एका शिक्षिकेकडे मोजकी मुले. प्रत्येक मुलाचा वेगळा शैक्षणिक आराखडा, आणि तो आईबापांना वाचून दाखवतात. भिंतीवर चित्रे लावलेली: आधी प्रार्थना, मग काम, मग डबा, मग घर. पुढे काय होणार हे मुलाला दिसले की त्याची घालमेल कमी होते. शाळा निवडताना सभासदांनी रंग आणि पाटी पाहू नये. शिक्षकांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, आईबापांना वर्गात बसू देतात का, मारतात-बांधतात का, हे पाहावे.

वर्षभरात पोर बोलायला लागले का? नाही. पाच-सहा शब्द आले आहेत. पण त्याच्या गळ्यात चित्रांची एक छोटी वही आहे. पाणी हवे असले की पेल्याचे चित्र काढून आईच्या हातात देते. दुखत असले की दुखण्याचे चित्र. पूर्वी ते किंचाळायचे, डोके आपटायचे, आणि तहान लागली आहे की पोट दुखते आहे हे घरात कुणाला कळत नसे. वहिनी म्हणाल्या, "साहेब, सात वर्सं पोर माझ्यापाशी हुतं, पर त्याला तहान लागल्याली आत्ता कळाय लागली." कडी आता काढून टाकली आहे. विहिरीला जाळी बसवली आहे.

पण हा खर्च कोण सोसते ते ऐका. पहाटे चारला उठून वहिनी धारा काढतात, स्वयंपाक करतात, पोराला घेऊन सातची एस.टी. गाठतात. अडतीस किलोमीटर. पोर वर्गात गेले की त्या शाळेच्या कट्ट्यावर बसून राहतात, कारण परत येऊन पुन्हा जायला गाडी नाही. संध्याकाळी सहाला घरी. महिलांना २०२३ पासून एस.टी.त अर्धे तिकीट आहे, दिव्यांगांना सवलत आहे, म्हणून पैशाचे जमते. पण बाईचा सारा दिवस जातो. दोन म्हशी विकल्या. मुलीच्या अभ्यासाकडे कुणाचे लक्ष नाही. आणि गाडी बंद पडली, पाऊस लागला, आजी आजारी पडल्या की शाळा बुडते. जागा मिळवली एवढ्याने भागत नाही, ती टिकवावी लागते. एकट्या घराच्या जिवावर ती फार काळ टिकणार नाही, हे आम्ही स्पष्ट लिहितो.

आमचे म्हणणे

आपण सहकारातले लोक आहोत. एकट्याने गूळ करून व्यापाऱ्याच्या दारात उभे राहायचे दिवस आपल्या आजोबांनी एकत्र येऊन संपवले. १९५० साली प्रवरेला पहिल्या सहकारी कारखान्याचे गाळप सुरू झाले, आणि पुढे ठिकठिकाणी कारखान्यांनी नुसती साखर केली नाही; शाळा काढल्या, कॉलेजे काढली, दवाखाने काढले. सभासदाच्या हुशार मुलासाठी आपण इंजिनिअरिंग कॉलेजपर्यंत गेलो. मग ज्या मुलाला पाणी मागायलाच दोन वर्षे शिकावे लागते, ते काय सभासदाचे मूल नाही?

आमच्या तीन सूचना आहेत. आम्ही नोकर माणसे. ठराव मांडण्याचा अधिकार तुमचा.

पहिली सूचना नोंदीची. शेतकी विभागाची माणसे दर वर्षी प्रत्येक सभासदाच्या घरी जातात. लागण तारीख, जात, क्षेत्र सारे लिहून आणतात, कारण नोंद नाही तर तोड नाही. त्याच फेरीत, घरच्यांची राजीखुशी असेल तरच, दिव्यांग मुलाची माहितीही एका वेगळ्या, बंद वहीत घ्यावी. चावडीवर वाचायला नव्हे. प्रमाणपत्र, ओळखपत्र, अर्ज यांसाठी मदत करायला. एकेका घराचा अर्ज कपाटात पडतो. कार्यक्षेत्रातल्या साऱ्या मुलांची यादी घेऊन अध्यक्ष व संचालक जिल्ह्याला गेले तर "जागा वाढवा, शिक्षक द्या" हे म्हणणे ऐकावेच लागेल. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली दिव्यांग मुलांसाठी प्राथमिक वर्गात १० मुलांमागे एक आणि पुढे १५ मुलांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण सांगितले आहे. पण मुले किती हेच कुणी मोजले नसेल तर शिक्षक कशाच्या आधारावर मागणार?

दुसरी सूचना गाडीची. हिशोब मांडून दाखवतो. जाऊन-येऊन रोज ७६ किलोमीटर, वर्षाला शाळेचे २२० दिवस धरले तर १६,७२० किलोमीटर. लिटरला दहा किलोमीटर धरून १,६७२ लिटर डिझेल, लिटरला नव्वद रुपये धरून सुमारे दीड लाख रुपये. गाडी कारखान्याकडे आहे, चालक आहेत. मुलांसोबत एक बाई हवी, तिचा पगार वेगळा. पाच लाख टन गाळप धरले आणि सभासदांनी सभेत मान्य करून टनाला पन्नास पैसे दिले तर अडीच लाख होतात. पन्नास टन घालणाऱ्याला पंचवीस रुपये पडतील. ऊसबिलातून कपात म्हटली की कपाळाला आठी पडते, हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणूनच आकडा उघड मांडला. शिवाय ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची असते. तुमच्या गावात ती कुठे जाते, हे ग्रामसभेत विचारले तर कुणी रागावू नये.

तिसरी सूचना खोलीची. कारखान्याच्या शाळेत एक खोली आणि एक नोंदणीकृत विशेष शिक्षक. अडतीस किलोमीटर प्रत्येकाने का जावे? शिवाय सगळ्या स्वमग्न मुलांना विशेष शाळा लागते असेही नाही. कित्येक मुले थोडा आधार मिळाला तर साध्या शाळेत शिकतात, दहावीच्या परीक्षेला ज्यादा वेळ व लेखनिक अशा सवलती मंडळ देते. तो आधार जवळ असला तर विशेष शाळेतल्या मोजक्या जागा ज्यांना खरोखर हव्यात त्यांना राहतील.

काही सभासद म्हणतील, आधी एफ.आर.पी. वेळेवर द्या, मग हे. त्यांचे म्हणणे खोटे नाही. उसाचे पैसे वेळेवर मिळालेच पाहिजेत, आणि ज्या घरात असे मूल आहे त्यांना तर ते सर्वांआधी लागतात. पण एक दिल्याने दुसरे टळते असे नाही. कुणी म्हणेल, निवासी शाळेत टाका आणि मोकळे व्हा. मोठ्या मुलासाठी, नाइलाजाने, चांगले वसतिगृह पाहून तो विचार करावा. सहा-सात वर्षांच्या, न बोलणाऱ्या लेकराला घरापासून तोडू नये असे आमचे मत आहे. आपल्यावर काय बेतले हे ते सांगू शकत नाही.

याबाबत एक गोष्ट सांगतो. लांबची आहे, पण शेतकऱ्याच्या घरची आहे. कॅनरने ज्या ११ मुलांविषयी लिहिले त्यातला पहिला मुलगा डोनाल्ड ट्रिपलेट, अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातला. लहानपणी त्याला डॉक्टरांच्या सल्ल्याने संस्थेत ठेवले होते. आईबापांनी वर्षभराने परत आणला. पुढे काही वर्षे तो एका शेतकरी जोडप्याकडे राहिला. त्याला मोजण्याचा नाद. मक्याच्या ओळी पुन्हा पुन्हा मोजत बसायचा. त्या शेतकऱ्याने काय केले? त्याच्या हाती नांगर दिला आणि सांगितले, नांगरता नांगरता मोज. विहीर खणायला लावली आणि किती खोल गेली ते मोजायला सांगितले. गावच्या शाळेने त्याला सांभाळून घेतले. तो पुढे पदवीधर झाला, बँकेत नोकरीला लागला आणि २०२३ साली ८९ व्या वर्षी आपल्याच गावी वारला. सगळ्यांचे असे होत नाही. पण शेतावर या मुलांना जागा असते, आणि ती जागा शिकल्यासवरल्यांपेक्षा एका शेतकरी नवरा-बायकोला आधी दिसली, एवढे आपण घेण्यासारखे आहे.

शेवटी टोळ्यांविषयी. हंगामात आपल्या फडात जी कोपी पडते, तिच्यातही असे मूल असते. सहा महिने इकडे, सहा महिने गावी. त्याची नोंद ना तिथे ना इथे. मुकादमाच्या वहीत कोयत्याचा हिशोब असतो, मुलाचा नसतो. आपल्या नोंदीत टोळीतली मुले आली नाहीत तर ती नोंद अर्धीच समजावी. आपल्या साखरेत त्यांच्या आयांचाही घाम आहे.

तोवर, ज्या घरात तीन वर्षांचे मूल नावाला ओ देत नाही, बोट करून दाखवत नाही, त्यांनी कुणाच्या भाच्याची गोष्ट ऐकून थांबू नये, आमच्यादेखील. अंगणवाडीत तपासणीचे आरोग्य पथक येते, त्यांना दाखवा. जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चिठ्ठी मागा. अर्ज लिहिता येत नसेल तर गट कार्यालयात या. ऊस नोंदीच्या टेबलावरच लिहून देऊ. त्यासाठी सभासद क्रमांक विचारणार नाही.

वार्षिक सभेची विषयपत्रिका निघेल तेव्हा हा विषय तिच्यात असावा, यासाठी सह्यांचा कागद कुणीतरी फिरवावा. पहिली सही त्या वाडीवरच्या दादांची होईल. त्यांनी तसा शब्द दिला आहे.

आपला नम्र,
ऊस विकास अधिकारी